सांगता येत नाही

आज मनात एक गाव धरून बसायचं आहे. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. या गावाने डोळ्यांवर नको इतका भरवसा ठेवला होता, तेव्हा आपले उघडे असलेले बरे. घाई मात्र नको. रहस्यकथा हातात आली की आपण शेवटाकडे धावत सुटतो, म्हणून शेवट मी आधीच सांगून टाकतो. एक तरुण गावातून नाहीसा झाला. आठ वर्षांनी परत आला. बायकोबरोबर तीनेक वर्षं संसार केला, शेती सांभाळली, आणि मग सिद्ध झालं की परत आलेला माणूस दुसराच कुणी होता. 16 सप्टेंबर 1560 रोजी त्याला फाशी दिलं, तेही ज्याचं नाव तो लावत होता त्याच्याच घरासमोर.

आता धावण्यासारखं काही उरलं नाही. बसू या.

गावाचं नाव आर्तिगा. दक्षिण फ्रान्समध्ये, तुलूझ शहर आणि पिरेनीज पर्वत यांच्यामधल्या टेकड्यांत, लेझ नावाच्या लहानशा नदीच्या काठी. गहू, ओट, थोडं भरड धान्य, द्राक्षांचे मळे, मेंढ्या. गावावर कुणा सरदाराची मालकी नव्हती आणि याचा गावकऱ्यांना अभिमान होता. घरात आरसा नाही, भिंतीवर चित्र नाही. माणसाचा चेहरा साठवून ठेवायची जागा एकच, दुसऱ्या माणसाची आठवण. हे वाक्य ओलांडून जाऊ नका. तुमच्याकडे एकही फोटो नाही असं धरा, आणि आठ वर्षांत न पाहिलेला एखादा चेहरा आठवून बघा. भुवया कशा होत्या? कान? हसताना आधी काय हलायचं? थोड्या वेळाने लक्षात येईल की चेहरा हाताला लागत नाही. लागतो तो त्याचा वावर: दारातून आत येण्याची पद्धत, एखादी सवय, एखादं ठरलेलं वाक्य.

ते तसंच राहू द्या. पुढे लागेल.

जो नाहीसा झाला त्याचं नाव मार्तां गेर. गंमत अशी की त्याचं घराणं मुळात आर्तिगाचं नव्हतंच. अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या आंदाय या गावातून, बास्क मुलखातून, 1527 च्या सुमारास बाप सांची आणि काका पिएर बिऱ्हाड घेऊन इथे आले. मार्तां तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. त्यांनी विटा-कौलांची भट्टी घातली, जमिनी घेतल्या, इथली भाषा शिकले. आडनाव ‘दागेर’ होतं, ते कापून ‘गेर’ केलं. बाहेरून आलेल्या माणसाला गावात मुरायला काय काय सोडावं लागतं ते आपल्याकडच्या गावांनीही पाहिलंय. एस्टी स्टँडवर उतरलेल्या अनोळखी पोराला म्हातारी माणसं ‘कुणाचा रे तू?’ विचारतात; स्वतःचं नाव सांगून तिथे भागत नाही. गेर घराण्याला या प्रश्नाचं उत्तर तयार करायला दहा वर्षं लागली आणि ते उत्तर म्हणजे एक लग्न. 1538 च्या आसपास मार्तांचं लग्न गावातल्या खात्यापित्या घरातल्या बेर्त्रांद द रोल्सशी झालं. तो चौदाएक वर्षांचा, ती त्याहूनही लहान.

मग आठ वर्षं मूल नाही. करणी झाली असं सगळ्यांनी ठरवलं, उपाय झाले, चर्चमध्ये खास प्रार्थना झाल्या, मंतरलेल्या पोळ्या खाऊ घातल्या, आणि अखेर मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, सांची. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1548 मध्ये, मार्तांवर बापाचंच थोडं धान्य चोरल्याचा आळ आला. बास्क माणसाच्या लेखी घरातली चोरी माफ होत नाही. मार्तां निघून गेला.

तो कुठे गेला हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. रहस्यकथांना तोच प्रश्न आवडतो, म्हणून मागे राहिलेल्यांकडे बघायचं राहून जातं. बायको वीस-बावीसची. कडेवर मूल. भट्टी, जमीन, सासू-सासरे. काही वर्षांनी सासरा वारला. आपल्या मागे मार्तांचा वाटा त्याने राखून ठेवला होता. पुतण्याची मालमत्ता काका पिएर सांभाळू लागला आणि पुढे त्याने बेर्त्रांदच्या विधवा आईशीच लग्न केलं. बेर्त्रांद मात्र ना सवाष्ण ना विधवा. नवरा मेल्याचा भक्कम पुरावा असल्याशिवाय तेव्हाचा धर्मनियम बाईला दुसरं लग्न करू देत नव्हता, मग वर्षं कितीही लोटोत. आपल्या कायद्याने याला मुदत घातली आहे: सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरता येतं. सात वर्षं हा काळ माणसाने ठरवलेला आहे, मनाला तो ठाऊक नसतो. पण निदान कागदावर दार बंद करायची सोय आहे. आर्तिगात ते दार उघडं राहिलं.

उघडं राहिलेलं असं दुसरं एक दार मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही, शेवटपर्यंत नाही. पुणंही मनातून पुरतं पटवून घ्यायला तयार नव्हतं. मग भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उगवला, धरला गेला, कैदेत पडला, आणि 1776 मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणात माणसं आणि किल्ले गोळा केले. शेवटी पुण्यात त्याला ठार मारण्यात आलं. ‘तोतयाचे बंड’ या नावाने न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिलं. आपण इतिहास वाचताना तोतयाच्या धाडसाकडे बघतो. मला वाटतं, पंधरा वर्षं भाऊंची जागा कुणी भरू दिली नाही, यातच त्याचं निम्मं काम आधी झालेलं होतं.

परत आर्तिगाला चला. 1556 चा उन्हाळा. शेजारच्या गावातल्या खानावळीत एक माणूस उतरला. आपण मार्तां गेर आहोत असं त्याने मालकाला सांगितलं, आणि बायकोचं नाव निघताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बातमी आधी बहिणींना पोचली. त्या धावत गेल्या, गळ्यात पडल्या. मग बेर्त्रांद आली. ती मागे सरकली.

हा क्षण जितका लांबवता येईल तितका लांबवा. ती मागे सरकली आहे. समोरचा माणूस अंगाने भरलेला. मार्तां काटकुळा होता. त्याने दाढी राखली आहे. तो गोड बोलतो आहे. दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगतो आहे. आणि मग म्हणतो, माझी ती पांढरी तंग विजार, जाताना पेटीत ठेवून गेलो होतो, ती आहे ना अजून? तशी ती पुढे झाली, त्याला बिलगली आणि म्हणाली की दाढीमुळे ओळखलं नाही.

विजार पेटीत होती.

त्याचं खरं नाव आर्नो द्यु तिल. गॅस्कनीतल्या साजास गावचा, चांगला बोलघेवडा, खाण्यापिण्याचा शौकीन. लोक त्याला ‘पानसेत’ म्हणत, म्हणजे आपल्याकडे एखाद्याला ढेरपोट्या म्हणावं तसं. वाटेत कुणीतरी त्याला चुकून मार्तां समजलं आणि तिथून ही कल्पना डोक्यात शिरली, असं त्याने शेवटी कबूल केलं. विजारीची गोष्ट कुणाकडून कळली असेल ते असेल. मला त्याच्या लबाडीपेक्षा पुढची तीन वर्षं जास्त विचार करायला लावतात. त्याने शेत पिकवलं. तो व्यापार करू लागला. दोन मुली झाल्या, एक गेली, एक राहिली. शेजारी त्याला त्याच्या नावाने, म्हणजे त्या नावाने, हाक मारत होते आणि तो ओ देत होता. रोज. खोटेपणा हा एका दिवसाचा खेळ असतो. तीन वर्षं पहाटे उठून दुसऱ्याच्या गुरांना चारा घालणं याला काय म्हणायचं? उत्तर शोधू नका. प्रश्न नुसता मांडीवर घेऊन बसा.

भांडण पैशावरून झालं. परत आलेल्या मार्तांने वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकायचं काढलं. इथल्या रीतीत ते बसत होतं, बास्क रीतीत वाडवडिलांची जमीन विकणं म्हणजे पाप. वर त्याने पिएरकाकांकडे मधल्या वर्षांचा हिशेब मागितला, आणि काका देईनात तेव्हा कोर्टात गेला. मग काकांना आठवू लागलं. मार्तां लहानपणी बास्क बोलायचा, याला चार शब्द येत नाहीत. मार्तांला तलवारीचा नाद होता, याला नाही. गावच्या चांभाराने सांगितलं की मार्तांचा पाय बारा मापांचा होता, याचा नऊ. एक वाटसरू शिपाई म्हणाला, खरा मार्तां सें-कांतांच्या लढाईत पाय गमावून बसलाय. काका आणि त्याचे जावई दांडकी घेऊन याच्यावर तुटून पडले, तेव्हा बेर्त्रांदने त्याला आपल्या अंगाखाली झाकून वाचवलं.

एक गोष्ट मनाशी नोंदवून ठेवा. काकांचा संशय खरा होता, पण हिशेब मागितला नसता तर तो कधी जागाच झाला नसता. गाव कुणाला आपलं म्हणतं आणि कधी म्हणेनासं होतं याचं वेळापत्रक पुराव्याच्या तारखांशी जुळत नाही.

1560 च्या जानेवारीत त्याला धरलं. खटला रिय इथे चालला. आणि आता ज्या जागेसाठी मी तुम्हाला इथवर आणलं ती जागा.

सुमारे दीडशे माणसं साक्षीला आली. आख्खा पंचक्रोशीचा बाजार भरला म्हणा. तीस-चाळीस जण म्हणाले, हाच मार्तां, पाळण्यापासून ओळखतो. भुवईवरची खूण, तुटलेले दात, हातावरचे मस, डोळ्यातला रक्ताचा ठिपका त्यांनी मोजून दाखवला. पंचेचाळीसच्या आसपास म्हणाले, हा मार्तां नव्हे. त्यातल्या काहींनी आर्नो म्हणूनच ओळखला. आणि साठ किंवा त्याहून अधिक जणांनी सांगितलं की आम्हाला सांगता येत नाही.

साठ जण. त्यांना रांगेत उभं करा आणि एकेकाजवळ थांबा. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याच्याबरोबर जेवण केलं असेल, पीक कापलं असेल, रविवारी एका बाकावर बसले असतील. धाक होता, हे उघड आहे: चुकीची साक्ष म्हणजे एका बाजूचं वैर, आणि दोन्ही घरं गावात वजनदार. काहींना नसती भानगड नको होती. तरीही सगळ्या साठांना भित्रे म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांच्यातल्या काहींनी तरी त्या दिवशी न्यायाधीशासमोर उभं राहून पहिल्यांदाच नीट विचार केला असेल: मी या माणसाला चार वर्षांपूर्वी ओळखलं ते कशावरून? तो म्हणाला म्हणून. बहिणी म्हणाल्या म्हणून. बायको म्हणाली म्हणून. आणि बायकोने ओळखलं ते? बहिणींनी आधी ओळखलं होतं म्हणून. गावाची ओळख एकमेकांच्या खांद्यावर उभी होती, आणि खालचा माणूस कुणाच्या खांद्यावर उभा आहे हे कुणी बघितलं नव्हतं.

आता हळूच तुमच्या घराकडे या. तुमच्या घरातल्या एका माणसाला मनासमोर बसवा, रोज दिसणाऱ्या. उद्या कुणी शपथ घालून विचारलं की हाच तो, हे कशावरून, तर तुम्ही काय सांगाल? खुणा सांगाल. आठवणी सांगाल. पण खुणा आर्नोकडेही होत्या, आणि आठवणींची तर पुढे मोठीच पंचाईत झाली.

रियच्या कोर्टात आरोपी बेर्त्रांदला म्हणाला, तू शपथेवर सांग की मी मार्तां नव्हे, मी मरायला तयार आहे. ती गप्प राहिली. तिच्या नावाने फिर्याद दाखल झालेली, काका आणि आई पाठीशी उभे, आणि ती गप्प. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं का, यावर इतिहासकारांत वाद आहे. नताली झेमॉन डेव्हिस यांनी 1983 च्या आपल्या पुस्तकात मांडलं की तिला कळलं होतं आणि तिने हा संसार जाणून निवडला. 1988 मध्ये रॉबर्ट फिनले यांनी हे खोडून काढायचा प्रयत्न केला: ती फसवली गेलेली बाई होती, आजच्या काळाचे विचार तिच्या तोंडी घालू नका. माझा कौल डेव्हिसबाईंकडे झुकतो, पण तुम्ही घाईने बाजू घेऊ नका. कळणं आणि न कळणं यांच्यामध्ये बरीच जागा असते. पेटीतली विजार काढून त्याच्या हातात देताना ती त्या जागेत उभी असेल, आणि तिथेच चार वर्षं राहिलीही असेल.

रियने त्याला दोषी ठरवलं. त्याने तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात अपील केलं. तिथे प्रकरण जाँ द कोरास नावाच्या विद्वान न्यायाधीशाकडे आलं. आरोपीची स्मरणशक्ती थक्क करणारी होती; लग्नाला कोण होतं, कुणी काय नेसलं होतं, सगळं पाठ. कोरास त्याला सोडून देण्याच्या विचारात होता. अशा वेळी, जुलैच्या अखेरीस, एक माणूस लाकडी पायावर टेकत तुलूझला आला आणि म्हणाला, मार्तां गेर मी आहे.

तो स्पेनमध्ये होता इतकी वर्षं. बुर्गोसला एका कार्डिनलच्या घरी नोकर, मग स्पेनच्या फौजेत, आणि 1557 मध्ये सें-कांतांला आपल्याच जन्मदेशाविरुद्ध लढताना पायाला गोळी लागलेली. आता कोर्टाने दोघांना तेच तेच प्रश्न विचारले. खऱ्या मार्तांला खोट्यापेक्षा कमी आठवत होतं.

इथे पुन्हा बसू. ज्याचं ते आयुष्य होतं तो ते विसरला होता, आणि ज्याचं नव्हतं त्याने ते घोकून पाठ केलं होतं. यात मला अन्याय कमी आणि ओळखीचं काहीतरी जास्त दिसतं. जन्माने मिळालेलं गाव आपण कुठे पाठ करतो? गल्लीतल्या कुठल्या घराचं दार कुठल्या रंगाचं होतं हे तिथे वाढलेल्याला सांगता येत नाही. सून म्हणून आलेल्या बाईला पहिल्या वर्षभरात सगळी घरं, सगळे रुसवे, कुणाच्या पंगतीत कोण बसत नाही हे मुखोद्गत होतं. तिला राहायचं असतं. आर्नोला राहायचं होतं. मार्तांला कधीच नव्हतं.

पण न्यायालयाला कुणाला राहायचंय हे ठरवायचं नव्हतं. बहिणींनी लाकडी पायाच्या माणसाला पाहिलं आणि मिठी मारली. बेर्त्रांद थरथरत, रडत त्याच्या पाया पडली. बहिणींशी प्रेमाने वागलेला तो तिच्याशी मात्र कोरडेपणाने बोलला: बहिणी चुकतील, काका चुकेल, बायकोने चुकता कामा नये. बारा वर्षं घर टाकून गेलेला माणूस हे म्हणाला. कोरासनेही त्याला त्याच्या जबाबदारीची आठवण करून दिली, पण तो नरमला नाही. 12 सप्टेंबरला निकाल लागला. फाशीआधी आर्नोने सगळं कबूल केलं आणि मार्तांला विनवलं की तिच्याशी कठोर वागू नकोस. ही विनवणी करायचा हक्क त्याला होता का, यावर तुमचं माझं एकमत व्हायची गरज नाही.

कोरासने पुढच्याच वर्षी, 1561 मध्ये, या खटल्यावर पुस्तक छापलं. ते हातोहात गेलं. मोंतेन या फ्रेंच लेखकाने आपल्या एका निबंधात त्याची दखल घेतली आणि म्हटलं की न्यायालयाने अशा वेळी सरळ ‘आम्हाला यातलं कळत नाही’ असा निकाल द्यायला हवा होता; जुन्या अथेन्सच्या पंचांनी एका गुंतलेल्या खटल्यात पक्षकारांना शंभर वर्षांनी यायला सांगितलं होतं तसं. फ्रान्समधल्या सर्वांत शहाण्या माणसाने लेखणी झिजवून जे लिहिलं ते रियच्या कोर्टात साठ शेतकरी आधीच बोलून गेले होते.

आणखी एका व्यक्तीजवळ जाऊन यायचं आहे. आर्नोची मुलगी, बेर्नार्द. कोर्टाला तिचंही काहीतरी करणं भाग होतं. बेर्त्रांदने त्या माणसाला आपला नवरा समजूनच संसार केला असं न्यायाधीशांनी धरलं. त्यामुळे मुलगी अनौरस ठरली नाही आणि बापाची साजासची मालमत्ता तिच्या नावे झाली. म्हणजे ज्या गावी ती कधी राहिली नव्हती तिथे तिचा हक्क कायद्याने पक्का झाला. आर्तिगात मात्र ती जन्मली होती, तिथे तिची आई होती, सावत्र भाऊ होता, आणि आता घरात एक लाकडी पायाचा माणूस होता, ज्याचं नाव तिच्या बापाचं होतं आणि जो तिचा बाप नव्हता. विहिरीवर कुणी तिला ‘कुणाची गं तू?’ विचारलं, तर तिने काय सांगायचं? या प्रश्नापाशी हवा तितका वेळ बसा. कोर्टाकडे उत्तर होतं. ते तिला पुरलं असतं का, एवढंच बघा.